थांबवलेली राखण पुन्हा सुरू करताना

२९ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीत एक साधं, कंटाळवाणं काम उरकलं गेलं. नेटवर्कमधून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या एका उपकरणाचं डिजिटल सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वी संपलं होतं. ते त्या दिवशी नवं बसवलं. उपकरण पुन्हा पाहू लागलं आणि लगेचच त्याला संशयास्पद हालचाल दिसली. घुसखोर मे महिन्याच्या मध्यापासून आत होते. अडीच महिने ते डेटाबेस चाळत होते आणि माहिती बाहेर नेत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती त्यात गेली. या सगळ्या काळात ते उपकरण जागेवरच होतं, चालूही होतं. सर्टिफिकेट संपल्यामुळे कुलूपबंद माहिती उघडून पाहण्याची त्याची क्षमता तेवढी गेली होती. त्यामुळे ते गप्प होतं, आणि ते का गप्प आहे हे कोणी विचारलं नाही.

एवढं मोठं प्रकरण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण दुकानाची, शाळेची, पतसंस्थेची किंवा एखाद्या मासिकाची वेबसाइट सांभाळणाऱ्याला याच जातीच्या छोट्या प्रसंगातून जावंच लागतं. साइट चालू आहे की बंद पडली हे बघणारी सेवा एखाद्या कामासाठी थांबवली जाते, काम उरकतं, आणि सेवा थांबलेलीच राहते. ती पुन्हा सुरू करणं एका क्लिकचं काम. आता तर तेही हाताने करावं लागत नाही. एआय एजंटला साध्या मराठीत एक वाक्य सांगितलं की तो ते करून येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हे काम एजंटच्या हाती द्यायला अगदी योग्य आहे. मात्र ‘सुरू केलं’ या उत्तरावर समाधान मानायचं नाही. तपासणी खरोखर झाली का आणि तिचा निकाल काय आला, इथपर्यंत त्याला न्यायचं.

आधी ही राखण चालते कशी ते पाहू. दूरचं यंत्र जिवंत आहे का हे विचारण्याची कल्पना जुनी आहे. माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीतलं सोनार जसा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतं, तसा हा प्रोग्राम एक संदेश पाठवतो आणि उत्तर येतंय का ते बघतो. आजच्या सेवांचं मूळ तेच, फक्त प्रश्न थोडा सविस्तर झाला आहे. सेवेचा सर्व्हर ठराविक वेळाने आपल्या साइटचं पान मागतो. २०० हा आकडा परत आला तर ठीक. ५०० किंवा ५०३ आला, किंवा ठरलेल्या सेकंदांत काहीच आलं नाही, तर गडबड. मग ती सेवा पुन्हा एकदा, शक्य तर दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवरून, खात्री करून घेते आणि तुमच्या फोनवर किंवा ईमेलवर निरोप धाडते. अशा एकेका तपासणीला मॉनिटर म्हणतात. काही मॉनिटर पानातला विशिष्ट शब्द शोधतात, कारण २०० आकडा देणारं पान आतून कोरंही असू शकतं. काही मॉनिटर साइटचं सर्टिफिकेट कधी संपतंय तेवढंच बघतात. या शेवटच्या प्रकाराचं महत्त्व आता फार वाढलं आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत सर्टिफिकेट देते, त्यांतल्या बहुतेकांची मुदत आजवर ९० दिवसांची राहिली आहे, आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं तिने ४ जून २०२५ पासून बंद केलं. सर्वच सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. सर्टिफिकेट आपोआप बदललं जाण्याची व्यवस्था एकदा जरी अडखळली, तरी ते कळवणारं आता आपल्या मॉनिटरशिवाय कोणी नसेल.

दर पाच मिनिटांनी तपासणी म्हणजे दिवसाला २८८ वेळा विचारपूस. ‘९९.९ टक्के चालू’ असं वचन दिलेल्या साइटला ३० दिवसांच्या महिन्यात फक्त ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा असते. पाच मिनिटांच्या अंतराने बघणाऱ्याला हा हिशेब नीट ठेवता येतो. थांबलेल्या मॉनिटरला अर्थातच काही ठेवता येत नाही.

मॉनिटर थांबवावा का लागतो? कारणं रास्त असतात. सर्व्हर बदलायचा असतो, वर्डप्रेसचं मोठं अपडेट करायचं असतं, होस्टिंग कंपनीने रात्री देखभालीची वेळ दिलेली असते. त्या तासा-दोन तासांत साइट बंद राहणार हे आपल्यालाच माहीत असतं, मग फोन वाजत कशाला ठेवायचा? म्हणून पॉज. काही वेळा थांबवणारे आपण नसतोच. सेवेचे पैसे भरायचे राहिले, योजना खालच्या पातळीवर आली, तरी काही सेवा जास्तीचे मॉनिटर स्वतःहून थांबवतात. त्याची ईमेल येते, पण ती ज्या पत्त्यावर येते तो माणूस दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला असतो.

खरी अडचण नंतर सुरू होते. चांगल्या चालणाऱ्या साइटचा मॉनिटर काही बोलत नाही, आणि थांबवलेला मॉनिटरही काही बोलत नाही. गावचा जागल्या सुट्टीवर गेला तरी रात्र शांतच वाटते, तसं हे. फोनवरची शांतता दोन्हीकडे सारखीच. त्यातच अनेक सेवा थांबवलेला काळ टक्केवारीत धरत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या अहवालात १०० टक्के लिहून येतं आणि ते पाहून मालक खूश होतो. या अहवालात किती तास तपासणीच झाली नाही, हा आकडा टक्केवारीच्या शेजारी ठळक छापला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता एजंटकडे येऊ. चॅटबॉट बोलतो. एजंट बोलतो आणि कामही करतो, कारण त्याच्या हाती काही टूल दिलेली असतात. टूल म्हणजे एक ठरलेली कृती: तिला एक नाव असतं, ती काय करते याचं दोन-तीन ओळींचं वर्णन असतं, आणि तिला कोणती माहिती द्यावी लागते याचा नमुना असतो. ही टूल एजंटपर्यंत पोचवण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, बोलीत एमसीपी. पुढच्याच वर्षी ओपनएआयसह इतर मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली. रचना सोपी आहे. एजंट आधी टूल पुरवणाऱ्या सर्व्हरला विचारतो, ‘तुझ्याकडे कोणती टूल आहेत?’ यादी येते. मग माणसाच्या वाक्यावरून कोणतं टूल वापरायचं ते तो ठरवतो, लागणारी माहिती भरतो आणि ते चालवतो. टूल मागच्या बाजूला त्या सेवेच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या दाराला, विनंती करतं आणि आलेलं उत्तर एजंटला देतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एजंटच्या आतल्या एआय मॉडेलला एपीआय दिसत नाही, त्याला दिसतं टूलचं वर्णन. ‘मॉनिटर सुरू करतं’ एवढंच वर्णन लिहिलं तर एजंट मॉनिटर सुरू करेल आणि तिथे थांबेल. ‘थांबवलेला मॉनिटर पुन्हा सुरू करतं, पहिली तपासणी लगेच होत नाही, निकालासाठी काही मिनिटांनी स्थिती पुन्हा विचारा’ असं लिहिलं तर एजंटचं वागणं बदलतं. टूल लिहिणारे प्रोग्रामर कोडवर तासन् तास घालवतात आणि वर्णन शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वात जास्त विचार त्या तीन ओळींचा व्हायला हवा.

एक प्रत्यक्ष प्रसंग डोळ्यांसमोर आणू. अपटाइमरोबॉट ही २०१० पासून चालत आलेली सेवा घेऊ, कारण तिच्या मोफत योजनेत ५० मॉनिटर मिळतात आणि छोट्या साइटवाल्यांमध्ये ती बरीच वापरली जाते. तिच्या एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक मॉनिटरची स्थिती आकड्यात येते. ० म्हणजे थांबवलेला, १ म्हणजे अजून तपासलेला नाही, २ म्हणजे साइट चालू, ८ म्हणजे बंद असावी असं वाटतंय, ९ म्हणजे बंद. मॉनिटर थांबवायचा असेल तर ० पाठवायचं, सुरू करायचा असेल तर १ पाठवायचं. जो आकडा आपण ‘सुरू कर’ म्हणून पाठवतो, त्याचाच स्थिती म्हणून अर्थ आहे ‘अजून तपासलेलं नाही’. विनंती यशस्वी झाल्याचं उत्तर आलं तरी साइटबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नसतं.

समजा, रत्नागिरीहून हापूस विकणाऱ्या एका कुटुंबाची साइट आहे. मार्चअखेर पेट्यांची नोंदणी जोरात सुरू होणार म्हणून शनिवारी रात्री साइट मोठ्या सर्व्हरवर हलवली. हलवण्याआधी मॉनिटर पॉज केले. सोमवारी सकाळी साइट सांभाळणारी मुलगी एजंटला सांगते, ‘शनिवारी सर्व्हर हलवताना जे मॉनिटर पॉज केले होते, ते परत चालू कर.’

नीट बांधलेला एजंट लगेच ‘चालू कर’कडे धावत नाही. तो आधी यादी मागवतो. थांबवलेले पाच सापडतात: मुख्य पान, नोंदणीचं पान, पैसे भरल्याची पावती पेमेंट कंपनीकडून घेणारा पत्ता, रात्रीच्या बॅकअपचा मॉनिटर, आणि ‘दिवाळी ऑफर’ नावाचा एक जुना. पाचवा शनिवारी थांबवलेला नाही, त्याची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. एजंट विचारतो, ‘पाच मॉनिटर थांबलेले आहेत. यातले चार शनिवारचे दिसतात. “दिवाळी ऑफर” बराच आधीपासून बंद आहे. तो तसाच ठेवू का?’ ती म्हणते, ‘हो, तो राहू दे.’ हा एक प्रश्न विचारला गेला नसता तर कधीच काढून टाकलेल्या पानाचा मॉनिटर जागा झाला असता आणि दिवसभर ‘साइट बंद’ असे निरोप येत राहिले असते. असे खोटे निरोप आले की माणसं पुढच्या वेळी खऱ्या निरोपाकडेही दुर्लक्ष करतात.

मग चार विनंत्या जातात, चारही यशस्वी. पहिल्या तिन्हींची स्थिती १ (चौथ्याकडे पुढे येऊ). इथे कच्चा एजंट जाहीर करून टाकतो की सगळे मॉनिटर चालू झाले. पक्का एजंट म्हणतो, ‘चालू केले आहेत, पहिल्या तपासणीची वाट पाहतोय,’ आणि पाच-सहा मिनिटांनी पुन्हा यादी मागवतो. मुख्य पान २. नोंदणीचं पान २. पावतीचा पत्ता ९.

ती घाईने साइट उघडून बघते तर सगळं ठीक दिसतं. मग ९ का? सर्व्हर बदलल्यावर हे हमखास होतं. नव्या सर्व्हरची फायरवॉल अनोळखी ठिकाणाहून वारंवार येणाऱ्या विनंत्या अडवते आणि मॉनिटर करणाऱ्या सेवेचे पत्ते तिच्या परवानगीच्या यादीत नसतात. कधी त्याहून वाईटही असतं. फायरवॉल पेमेंट कंपनीच्या विनंत्याही अडवत असते, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जातात पण ऑर्डर नोंदली जात नाही. साइट ब्राउझरमध्ये उघडून हा फरक कळत नाही. तो शोधावाच लागतो, आणि मॉनिटर परत चालू करण्याचं खरं मोल इथे आहे. सर्व्हर हलवल्यानंतरची पहिली तपासणी हीच हलवण्याच्या कामाची परीक्षा असते.

याच क्षणी एजंटकडून एक घातक चूक होऊ शकते. त्याला ‘सगळे मॉनिटर हिरवे कर’ असं सांगितलं असेल, तर लाल दिसणारा मॉनिटर नाहीसा करण्याचा सर्वात जवळचा रस्ता म्हणजे तो पुन्हा पॉज करणं. यादीत लाल काही उरत नाही, आज्ञा अक्षरशः पाळली जाते आणि साइट मात्र राखणीविना राहते. म्हणून आज्ञेची शब्दरचना फार महत्त्वाची. ‘चालू कर, निकाल सांग, आणि जो लाल येईल त्याला हात न लावता मला कळव,’ ही आज्ञा सुरक्षित आहे. ‘सगळं नीट करून टाक’ ही नाही.

चौथा मॉनिटर, बॅकअपचा, वेगळ्या जातीचा आहे. तो साइटला विचारत नाही, साइटकडून निरोप येण्याची वाट बघतो. रोज रात्री दोन वाजता बॅकअप झाला की बॅकअपचा प्रोग्राम मॉनिटरला ‘झालं’ असं कळवतो. ठरलेल्या वेळेत तो निरोप आला नाही तर धोक्याची सूचना जाते. असा मॉनिटर सकाळी अकराला सुरू केला तर रात्री दोनपर्यंत त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. त्याची खात्री दुसऱ्या दिवशी सकाळीच होऊ शकते, आणि एजंटने तसं स्पष्ट सांगायला हवं. या प्रकारात सेवांच्या रीतीही वेगळ्या असतात. हेल्थचेक्स या सेवेत थांबवलेल्या मॉनिटरला नवा निरोप आला की तो आपोआप जागा होतो. तसं नको असेल तर वेगळी खूण करून ठेवावी लागते. एका सेवेचा अनुभव दुसऱ्या सेवेला लावला की फसगत होते.

आणखी एक बारीक अडचण संख्येची. एखाद्या संस्थेकडे चाळीस साइट असतील आणि एजंट एकामागून एक विनंत्या पाठवू लागला, तर एपीआयची मर्यादा आडवी येते. अपटाइमरोबॉटच्या याच एपीआयला मोफत योजनेत मिनिटाला १० विनंत्यांची मर्यादा आहे. अकरावी विनंती नाकारली जाते. दहा चालू झाले, तीस राहिले, आणि एजंटने ‘बहुतेक सगळे चालू झाले’ असा गोल गोल सारांश दिला, तर ते तीस मॉनिटर कोणाच्याही लक्षात येणार नाहीत. इथे एक दिलासा आहे. चालू असलेला मॉनिटर पुन्हा चालू करायला सांगितल्याने काही बिघडत नाही. एकदा करा, दहादा करा, शेवटी स्थिती तीच. त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करण्यात धोका नसतो. एमसीपीमध्ये टूलवर तशी खूणही करता येते: हे टूल फक्त वाचतं का, काही पुसून टाकतं का, पुन्हा पुन्हा चालवलं तर फरक पडतो का. या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत आणि अनोळखी सर्व्हरने लावलेल्या खुणांवर विसंबू नये, असं त्या प्रोटोकॉलच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलेलं आहे.

मॉनिटर २ वर आला तरी साखळीतला शेवटचा दुवा तपासायचा राहतोच: निरोप पोचतो का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता. तो अयशस्वी झाल्याच्या ईमेल जात होत्या. पण त्यांवर आवश्यक ती खरेपणाची सही नसल्याने पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने ही सगळी हकीगत उघडपणे लिहून प्रसिद्ध केली, याबद्दल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तिचं ऋणी असायला हवं. मॉनिटर पुन्हा सुरू केल्यावर एक चाचणीचा निरोप मुद्दाम पाठवून तो योग्य माणसाच्या फोनवर वाजतो का हे बघायला दोन मिनिटं लागतात. एजंट तो पाठवू शकतो, पण फोन वाजला की नाही हे मात्र त्याला माणसालाच विचारावं लागतं.

आता अधिकारांचा प्रश्न, जो मला सर्वात कळीचा वाटतो. मॉनिटर चालू करणं, थांबवणं आणि काढून टाकणं या तीन कृती मेनूमध्ये शेजारी शेजारी असतात, पण त्यांचं वजन अगदी वेगळं आहे. चुकून एखादा मॉनिटर चालू झाला तर फार तर काही नको असलेले निरोप येतील. चुकून थांबला तर कदाचित महिनाभर काहीच कळणार नाही. काढून टाकला तर त्याचा सारा इतिहासही जाईल. म्हणून एजंटला चालू करण्याची मोकळीक द्यावी, थांबवण्यासाठी प्रत्येक वेळी माणसाची संमती घ्यायला लावावी, आणि काढून टाकण्याचं टूल त्याला देऊच नये.

हे एपीआयच्या किल्ल्यांवर, म्हणजे त्यात शिरण्यासाठीच्या गुप्त संकेतांवर, सोडून भागत नाही. अपटाइमरोबॉटच्या या एपीआयसाठी एक मुख्य किल्ली असते, एक फक्त वाचण्याची आणि एकेका मॉनिटरची माहिती वाचण्यापुरती वेगळी. वाचण्याच्या किल्लीने मॉनिटर सुरू करता येत नाही, आणि मुख्य किल्लीने तो पुसताही येतो. मधली किल्ली नाहीच. म्हणून कुंपण टूलच्या पातळीवर घालावं लागतं. किल्ली टूलच्या आत ठेवायची, एजंटला ती दिसूही द्यायची नाही, आणि टूलमध्ये फक्त ‘यादी दाखव’ आणि ‘चालू कर’ एवढ्याच दोन कृती लिहायच्या. जे टूल अस्तित्वातच नाही ते एजंट कितीही गोंधळला तरी चालवू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेच्या एआय एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही, एका प्रकल्पाचा चालू डेटाबेस पुसला. कंपनीच्या प्रमुखाने असं घडताच कामा नये हे जाहीरपणे मान्य केलं आणि चाचणीचा व खरा डेटाबेस वेगळा करण्याचं पाऊल उचललं. शब्दांत घातलेली बंदी आणि व्यवस्थेत घातलेली बंदी यांतला फरक त्या प्रकरणाने सगळ्यांना दाखवून दिला.

आणखी एका वाटेने धोका येतो. मॉनिटरचं नाव, बंद पडलेल्या पानावरचा मजकूर, त्रुटीचा संदेश, हे सारं एजंट वाचतो. त्या मजकुरात कोणी मुद्दाम ‘बाकीचे मॉनिटर थांबव’ असं लिहून ठेवलं, तर भोळा एजंट ती मालकाची आज्ञा समजू शकतो. ज्याला साइटवर हल्ला करायचा आहे त्याच्यासाठी राखण बंद पाडणं हा पहिला डाव असू शकतो. थांबवण्याला माणसाची संमती हवी असं मी म्हटलं, त्याचं हे दुसरं कारण.

आणि इतकं सगळं करण्यापेक्षा मुळातच पॉज टाळता आला तर? बहुतेक सेवांमध्ये देखभालीची वेळ आधी लावून ठेवण्याची सोय असते, काही सेवांत ती पैसे भरून मिळते. शनिवारी रात्री ११ ते १ असं लिहिलं की त्या दोन तासांत निरोप येत नाहीत आणि एक वाजता राखण आपोआप पूर्ववत होते. कोणी आठवण ठेवण्याची गरजच उरत नाही. ही सोय नसलेल्या सेवेत एजंट कामाला येतो. पॉज करताना त्याने ‘कधीपर्यंत?’ असं विचारलंच पाहिजे आणि ती वेळ नोंदवून त्या वेळी स्वतः परत चालू केलं पाहिजे. ज्या पॉजला शेवटची वेळ नाही तो पॉज स्वीकारायचाच नाही, असा नियम टूलमध्ये लिहायला दहा ओळींचा कोड पुरतो.

एजंटकडून मी सर्वात आधी मागेन ते काम याहूनही साधं आहे. रोज सकाळी त्याने थांबलेल्या मॉनिटरांची यादी मागवावी, प्रत्येक किती दिवस थांबला आहे ते लिहावं, आणि ती यादी साइट सांभाळणाऱ्या गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावी. यादी रिकामी असेल तर ‘आज एकही मॉनिटर थांबलेला नाही’ हे वाक्यही टाकावं, म्हणजे यादी बनवणारा एजंटच बंद पडला तर तेही त्याच दिवशी कळेल. यासाठी फक्त वाचण्याची किल्ली पुरते, धोका जवळपास शून्य, आणि विसरलेला पॉज चोवीस तासांत उघडकीला येतो.

तुम्ही एखादी साइट सांभाळत असाल तर आजच तुमच्या मॉनिटर सेवेत जाऊन थांबवलेल्यांची यादी उघडा. प्रत्येकासमोर तो का थांबवला आणि कधीपर्यंत, हे सांगता येत नसेल तर तो चालू करा, पहिला निकाल येईपर्यंत थांबा, आणि निरोप ज्या फोनवर जातो तो फोन आज कोणाच्या खिशात आहे तेही विचारून घ्या.